टिटवीसाठी सोडलेला तुकडा

गोदावहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जऊळक्याच्या स्टेशनात खिडकीवर तिकिटं देत होतो. आमचा घरचा गडी रांगेतून पुढे आला आणि नुसताच उभा राहिला. गाडीची वेळ झालेली, मी मान वर न करताच खेकसलो, "अरे, कुठचं पाह्यजे तुले?" तेव्हा त्याला रडू फुटलं. तो चैत्र होता. आता ज्येष्ठ सरत आला, तरी मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानासुद्धा मधेच उठतो, फलाटाच्या टोकापर्यंत जातो, रुळांमधली खडी न्याहाळतो आणि परत येतो... हा रोग मला वहिनींचाच लागला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. पायाला भिंगरी बांधलेली बाई. आमच्या गावात पेरणीआधी टिटवीची अंडी पाहायची रीत होती. टिटवी काही घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर चार खडे सारून त्यातच अंडी घालते. उंचवट्यावर घातली तर पाऊस दांडगा, नाल्याकाठी सखलात घातली तर पावसाची ओढ. आईच्या मागं हे पाहण्याचं काम वहिनींकडे आलं आणि त्यांनी ते असं काही उचललं की विचारता सोय नाही. डोक्यावर पदर, वर ऊन रणरणतंय आणि बाई निघाली वावरं तुडवत. दादा चिडायचा, "भाकरी थापाच्या सोडून हे पाखराईच्या मांगं!" पण पेरायचा मात्र वहिनी सांगतील तसंच. आमचा दादाच कशाला, सारं गाव तसं पेरायचं. बायकांच्या शब्दाला एरवी कोण विचारतो? वहिनींचा शब्द मात्र पारावर चालायचा आणि त्याचा त्यांना अभिमान होता. असायलाच हवा होता.

मग आमच्या शिवारातून रेल्वेची लाइन गेली. मला नोकरी लागली, घरात पेढे वाटले. लाइनीला काही वर्षं झाल्यावर एका ज्येष्ठात वहिनींना सखलात एकही अंडं दिसलं नाही. सगळी अंडी रेल्वेच्या भरावावर, थेट खडीत! इतक्या उंचावर त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या धावतच पाराकडे गेल्या. "औंदा पानी लई व्हईन. खालच्या वावरात पेरू नका, वर बरडावर पेरा." लोकांनी ऐकलं. पाऊस आला, जोंधळा गुडघ्याला लागला, आणि मग जो पाऊस गेला तो गेलाच. बरडावरच्या मुरमाड जमिनीतलं पीक उभं वाळलं. खालच्या काळ्या जमिनीत ओल होती, पण तिथं पेरलेलं नव्हतं. विहिरीवर बाया म्हणू लागल्या, "टिटवीनं समुद्र आटवला म्हन्तेत, गोदीनं तं पाऊसच आटवला!" त्यानंतर वहिनींना कुणी काही विचारलं नाही.

दुसरी कुणी असती तर चार दिवस रडून मोकळी झाली असती. वहिनींच्या जिवाला चैनच पडेना. टिटवी खोटी बोलली की आपणच चुकलो, एवढंच डोक्यात. पावसाळाभर त्या लाइनीकाठी फिरत. रूळ सांभाळणारे गँगवाले माझ्याकडे येऊन ओरडत, बाबूजी, तुमच्या वहिनीला आवरा, एखाद दिवशी गाडीखाली येईल. मी रागावलो की त्या उलट मलाच झापत. पुढं दोन-तीन पावसाळे गेले. एका दुपारी त्या स्टेशनात आल्या, चिखलानं भरलेले पाय घेऊन बाकावर टेकल्या.

"भाऊजी, तुमच्या लाइनीनं माही टिटवी बदलवली."

"शाहनी झाली म्हना ना. उंच जागा पाह्यली तिनं," मी गंमत केली.

"शाहनी-बिहनी काई नाई. भरावानं पानी अडते, खालचं वावर तुंबते. जिनं खाली घातले तिचे अंडे दरसाल बुडाले. जिनं वर गोट्यात घातले तिचेच पोरं उडाले. त्या पोरीबी मायच्याच वळनावर जातेत. आपन पाहून राह्यलो त्या साऱ्या वरच्याइच्या लेकी. खालच्याइचा वंश बुडाला."

खाण तशी माती, मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटली बाई एकदाची. पण त्यांचा चेहरा आणखीच कसनुसा झाला.

"हे टिटवी पावसाचं नाई पाहत, भाऊजी. आपल्या जागेचं पाहते. पन पहिलेच्या टिटवीले तरी पावसाचं समजत होतं का? का तेबी असंच होतं, अन् मी उगाच गावाले सांगत राह्यली? आता कोनाले इचारू?"

गाडीची घंटा झाली, मी उठलो.

त्याच साली वहिनींनी खालच्या वावराच्या मधोमध एक तुकडा दादाकडून मागून घेतला. टोपल्यांनी माती टाकून तो हातभर उंच केला, म्हणजे तुंबलेलं पाणी चढू नये. वर नाल्यातले गोटे पसरले. जुन्या वंशाची एखादी उरली असेल तर ती येईल आणि तिला पावसाचं समजतं की नाही ते कळेल, हा त्यांचा हिशेब. दर ज्येष्ठात दादाला त्या तुकड्याला वळसा घालून वखर न्यावा लागे आणि तिथं आला की त्याच्या तोंडून शिवी ठरलेली. टिटवी काही आली नाही. शेवटच्या भेटीत वहिनी खाटेवर होत्या. हात सारखा गोधडीवर फिरत होता. मी वाकलो तर तब्येतीचं एक अक्षर नाही. "खाली एखांदी दिसली का, भाऊजी?"

मला त्यांचा राग आला होता, खरंच सांगतो. मरतानाही माणसानं इतकं अस्वस्थ असावं?

परवा गावी गेलो. पाय आपोआप खालच्या वावराकडे वळले. दादा स्वतःच वखर धरून होता. तुकड्यापाशी आल्यावर त्यानं बैल थांबवले. मला वाटलं, आता हा सरळ जाईल. आता कोण अडवणार होतं?

"बापू, तू लाइनीकडून आला ना? दिसली का रे खाली एखांदी?"

"नाई, दादा."

त्यानं तुकड्याकडे पाहिलं. गोट्यांवर नुसतं ऊन होतं. मग त्यानं कासरा ओढला आणि शिवी न देता, त्या रिकाम्या तुकड्याला वळसा घालून बैल पुढे नेले.