मुक्ताच्या हाडात कोण झोपलंय?

आज दुपारी मुक्ताने माझा हात धरून स्वतःच्या कमरेच्या हाडावर ठेवला आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं, मित्रांनो.

मुक्ता म्हणजे माझी मैत्रीण, जिच्या आजारपणात मी कॉलेज सोडलं ती. तिला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे. रक्ताचा रिपोर्ट साफ आला, म्हणून मी सदर बाजारातून पेढे घेऊन ओरडतच तिच्या खोलीत शिरलो.

"चिल्लाऊ नकोस रे," ती कुजबुजली. "ते जागे होतील."

"कोण?"

"डॉक्टरजी म्हणाले, रक्त साफ झालं तरी आजाराच्या मूळ पेशी हाडातल्या मज्जेत लपून झोपलेल्या असू शकतात. झोपलेल्यांवर औषध फारसं चालत नाही. आसपासची मज्जाच त्यांना लपवते, पोसते. माझंच हाड त्यांना सांभाळतंय, बघ."

तळहाताखाली काहीच हललं नाही. तरी मी हात हळूच उचलला.

डॉक्टरशी मी भांडलोय, तिच्या भैयाशी तर रोज भांडतो. पण तिच्याच हाडाशी कसं भांडायचं? कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

तिचा डोळा लागला. मी बाहेर आलो आणि नेहमी आपटतो ते दार अजिबात आवाज न करता लावलं.