डोकं आत, शेपट्या बाहेर

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही – आणि मी तर असा माणूस, की चहाच्या टपरीवर उभं राहून स्वतःच्या मूळव्याधीचंही नाटक रंगवतो! मग हीच का अडते? दर वेळी खिडकीपर्यंत येतो, टाळ्या घेतो आणि उठतो. चीड येते स्वतःची.

खिडकीचं सांगतो आधी. दोन हजार चारच्या सुमारास मी गोंदियाला बीएस्सीच्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवत होतो. पेशीचं आवरण म्हणजे चरबीच्या रेणूंचे दोन थर. प्रत्येक रेणूला पाण्याची ओढ असलेलं डोकं आणि दोन तेलकट शेपट्या. या आवरणातली काही एंझाइमं बाहेरच्या थरातले ठरावीकच रेणू निवडून आतल्या थरात पाठवतात. डोक्यात सेरीन हा घटक असेल तर चालतं, कोलीन असेल तर सहसा नाही. पण ओळखतात कशावरून? आणि एवढा लांबलचक रेणू एंझाइमच्या पोटातून जातो कसा? आमच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. मला वाटलं – फक्त डोकंच पारखत असतील, तेवढंच खाचेतून सरकवत असतील. शेपट्या बाहेर, तेलातच!

नुसतं सांगून थांबलो तर मी कसला? व्हरांड्यात गेलो, बिनगजाच्या लांब खिडकीतून डोकं वर्गात घातलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेलो. धड बाहेरच. मागून शिपाई ओरडला, "काऊन अडकून राहिले जी सर? ओढू का?"

वर्ग लोटपोट. हा माझा अंदाज आहे, हेही मी सांगितलं होतं – पण त्या गदारोळात ऐकलं कुणी? वनितानं ऐकलं. सालेकशाहून रोज पॅसेंजरनं येणारी, पहिल्या बाकावरची. नंतर तिनं विचारलं, "म्हणजे सर, निवड दारावरच होते?" केवढा खूश झालो होतो मी!

मग प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक आले. आमच्याकडची रीत अशी, की त्यांना स्टेशनवरून आणायचं, पोहे-चहा द्यायचा आणि दिवसभर त्यांच्या शब्दाला मान डोलवायची. मी शेजारीच बसलो होतो. वनिताला त्यांनी नेमकं हेच विचारलं. तिनं माझ्याच शब्दांत सांगितलं – आणि हा अंदाज आहे, असंही.

परीक्षकांनी चष्मा काढला. हे कुठल्या पुस्तकात आहे? ती म्हणाली, सरांनी शिकवलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'हो, मीच' – दोन शब्द. किती अवघड होते?

मी हसलो. म्हणालो, "छे हो! ही पोरं काय ऐकतात आणि काय सांगतात!"

तेही हसले. वनितानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. या परीक्षेच्या मार्कांवर तिचा नागपूरचा एमएस्सीचा प्रवेश अवलंबून होता, हे मला ठाऊक होतं – चांगलं ठाऊक होतं. प्रवेश हुकला.

दहाएक वर्षांनी या एंझाइमांवरचे शोधनिबंध हाती लागले. दाराशी असलेली मोजकी अमिनो आम्लं डोकं पारखतात. त्यातलं एखादं बदललं तर निवडही बदलते. आणि डोकं बहुधा कडेच्या खाचेतून सरकतं, शेपट्या बाहेर ठेवून! मी काय केलं असेल? जाईन तिथे खिडकीचा किस्सा सांगितला – बघा, आम्हाला आधीच सुचलं होतं! परीक्षेचा भाग तेवढा गाळला.

आणि त्यानंतर एकदा गोंदिया स्टेशनच्या पुलावर वनिता भेटली. बरोबर शाळकरी लेक. वाकून नमस्कार केला, लेकीला म्हणाली, "हे आमचे सर. लय मस्त शिकवत." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून – "सर, तवा माया समजण्यातच गलती झाली होती. तुमची फुकटची बेइज्जती केली मी."

इतकी वर्षं ती हे धरून बसली होती. आता समोर परीक्षक नव्हते, परीक्षेचे मार्क नव्हते, मला भ्यायला काहीच नव्हतं. मी मोठ्या मनाचा चेहरा केला आणि म्हणालो, "होतं गं असं कधीकधी. मी केव्हाच विसरलो."