बाईसाहेब घरी नाहीत

अठराव्या शतकातल्या इंग्रज जमीनदारांकडे नकोसा पाहुणा आला, की नोकर दारातच सांगायचा, “बाईसाहेब घरी नाहीत.” आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, मला हे वाचून वाईट वाटलं होतं. मैत्रीण म्हणाली, “अगं वेडे, शिष्टाचार असतो तो!” वर्गात याच विषयावर आम्हा दोघींना मिळून प्रेझेंटेशन द्यायचं होतं; त्यासाठी आम्ही त्या जमीनदारांचा पत्त्यांचा खेळही शिकलो.

आदल्या संध्याकाळी मी सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात तिच्या फ्लॅटवर गेले. तिच्या आईने दार अर्धंच उघडलं.

“ती घरी नाहीये गं.”

आतून पत्ते पिसल्याचा आवाज आला, आणि तिचं हसू.

“बरं, काकू,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात प्रेझेंटेशनला दुसऱ्याच मुलीबरोबर उभी राहिली. माझ्याच टिपणांवरून तिने तो शिष्टाचार सगळ्यांना समजावला. वर्ग हसला. बहुधा मीही हसले.