शिजवलेले स्नायू

ऐंशीच्या दशकात सौसरच्या एका मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते. नोकरी कच्ची. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार, माझा एक पाठ बघणार आणि मला कायम करायचं की परत पांढुर्ण्याला माहेरी पाठवायचं ते ठरवणार. मी पाठ निवडला स्नायूंचा. नुसत्या फळ्यावरच्या चित्रानं काय होतं? तपासणीच्या दिवशी मोठ्या हौसेनं सकाळीच बकऱ्याचे तीन तुकडे आणले: मांडीचा, हृदयाचा, आतड्याचा. डबा शाळेत ठेवून प्रार्थनेला गेले.

परत येते तर शाळेच्या चपराशी मावशींनी तिखट-मसाला घालून सगळं स्टोव्हवर शिजवून टाकलेलं!

"कच्चं मटन ठेवून देलं होतं तुमी. खराब होऊन जाते न बाई! एकट्या राहता, किती वाळून राहिल्या."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्यामुळे माझी नोकरी गेली," म्हणत मी वाट्टेल ते बोलले. मावशी वर्गाच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

घंटा झाली. साहेब येऊन मागच्या बाकावर बसले. तुकडे तीन पाण्यांनी धुऊन, देवाचं नाव घेऊन वर्गात गेले. मांडीचा तुकडा चिमटीत धरला, तर त्याचे धागे अलगद सुटे झाले. कच्च्यातून ते असे निघालेच नसते! मुलींना म्हटलं, या धाग्यांच्या आत आणखी बारीक तंतू असतात. ते एकमेकांत सरकले की स्नायू आखूड होतो. तो फक्त ओढतो, ढकलत नाही. म्हणून हात वाकवायला एक आणि सरळ करायला दुसरा. मुली दंड चाचपत हात वाकवू लागल्या.

आतड्याकडे वळले, तेवढ्यात मागच्या बाकावरून गुरगुर ऐकू आली. साहेबांचं पोट! मसाल्याचा वास काही धुतला गेला नव्हता. मुलींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. मी गप्प बसायला हवं होतं, पण तो माझा स्वभाव नाही.

"हा अनैच्छिक स्नायू," मी म्हणाले. "हा कुणाचंच ऐकत नाही. साहेबांचंही नाही."

वर्गात हशा पिकला. माझं हृदय, म्हणजे न थकणारा तिसरा प्रकार, घशाशी आलं. साहेब आधी लाल झाले, मग पोट धरून हसले आणि तिथंच वहीत लिहिलं, 'कायम करावे.'

धावत बाहेर आले. मावशी तासभर तशाच उभ्या होत्या. मला माझीच लाज वाटली. माफी मागणार, तर त्यांनीच विचारलं, "राह्यली न नोकरी?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"मंग जेवता का आता? रस्सा झाकून ठेवला हाये."