तीन तासांची ओळ

घरी तिला भिंगरी म्हणत. एका जागी बसायची नाही, आणि बसली की कुणाच्या बापाला हलवता यायची नाही, असा दोन्ही टोकांचा कारभार. तीन वर्षांची पदवी तिने सहा वर्षांत घेतली. एकोणिसाव्या वर्षी डॉक्टरांनी ऑटिझम आणि एडीएचडी असे दोन शब्द कागदावर लिहून दिले, तेव्हा आईने एकच विचारलं होतं, "म्हणजे आळशी नाही ना ती?" डॉक्टर नाही म्हणाले. बसस्टॉपवरच्या बाकावर बसून तिने भिंगरीच्या चपलेचा सैल पट्टा घट्ट करून दिला, लहान मुलीचा करावा तसा.

बाबा कारखान्यात लेथवर. कामावर कानांवर लावायचे जुने इअरमफ त्यांनी तिला दिले. वर्ग त्यातूनही ऐकू यायचा.

शेवटच्या दोन वर्षांसाठी कॉलेजने तिला एक सोबतीण नेमून दिली. योजनाच होती तशी: अशा विद्यार्थ्याला एकशेवीस तास सोबत करायची, तास पूर्ण भरले तरच त्याचे गुण सोबत करणाऱ्याला. भिंगरीला हे सांगितलेलं होतं. पण सांगितलेली गोष्ट तिच्या डोक्यात कुठल्या खणात जाऊन पडायची, ते तिलाही कळायचं नाही.

सोबतीण चांगली होती. वाचनालयातल्या त्यांच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट फडफडायची, भिंगरीच्या डोळ्यांत सुया टोचायच्या. सोबतिणीने स्टुलावर चढून स्टार्टरच काढून टाकला. लिहायला बस असं ती कधी म्हणाली नाही. शेजारी बसून स्वतःचं वाचायची, आणि शेजारी कुणी वाचत असलं की भिंगरीला लिहिता यायचं. तुझ्या नादाने मीच पहिली येईन बघ, म्हणायची. त्यावर केव्हा हसायचं, हे भिंगरी शिकली होती.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी सोबतिणीने फॉर्म पुढे केला. पाचच्या आत द्यायचाय, सही कर पटकन. भिंगरी पटकन काही करत नाही. तिने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. तारीख, तास, काय केलं. त्यात मागच्या जिन्यावरचा दिवस होता. शाळेत आपण डबा संडासात बसून खायचो, इतरांच्या चावण्याचे आवाज नकोत म्हणून, हे तिने त्या दिवशी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. फॉर्मवर लिहिलं होतं: विद्यार्थिनीला शांत करणे, दोन तास.

खोटं नव्हतं. ती शांत झाली होती.

पुढे एक ओळ होती: अभ्यासात मदत, तीन तास. ती तारीख भिंगरीने दोनदा पाहिली. त्या दिवशी सोबतिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. ती टेबलावर डोकं टेकून रडत होती आणि भिंगरी, जिला कुणाला हात लावणं सोसत नाही, तीन तास तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. हाताला मुंग्या आल्या तरी.

"हे चुकलंय," भिंगरी म्हणाली. "त्या दिवशी मी तुला सोबत केली होती."

"अगं, फॉर्म आहे तो. असंच भरतात."

भिंगरीने ती ओळ खोडली आणि खाली सही केली. रागाने नाही. सगळ्या कागदावर तेवढेच तीन तास योजनेचे नव्हते, ते तिला वाचवायचे होते. हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण बोलायचं वाक्य तिला नेहमी घरी पोचल्यावर सुचतं. तास उरले एकशेसतरा.

"दोन वर्षं तुझ्यासाठी बसले," सोबतीण म्हणाली. "तुझं काय जाणार होतं गं?"

फॉर्म घेऊन ती निघून गेली. भिंगरीने नंतर चार मेसेज पाठवले. चौथा फारच लांब होता. चारही वाचले गेले, एवढं फोनवर दिसत होतं.

दीड महिन्याने ती पदवीचा कागद आणायला कार्यालयात गेली. कारकून बाईंना आधी योजनेचा फॉर्म पडताळायचा होता. फाइल तिच्याकडे फिरवून त्यांनी विचारलं, ही सही तुझीच ना?

फॉर्म नवा होता. तीन तासांची ओळ परत आपल्या जागी होती. भिंगरीच्या सहीचं शेवटचं अक्षर नेहमी रेघेखाली घसरतं. इथे ते शहाण्यासारखं रेघेवर बसलं होतं.

चूक दिसली की तिला सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंगात एकशेतीन ताप असताना तिने दवाखान्याच्या पाटीवरची चूक डॉक्टरांना दाखवली होती. ती अक्षराकडे बघत उभी राहिली. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.

"हो," ती म्हणाली. "माझीच."

बाईंनी शिक्का मारला.

घरी बाबांनी साबणाने दोनदा हात धुतले, कोरडे केले, मग कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. आईने विचारलं, तुझी ती मैत्रीण भेटली का तिथे?

"नाही," भिंगरी म्हणाली. "तिचं अक्षर दिसलं."