डोंगा आणायला गेलेली आजी

दिवाकरचा फोन आला तेव्हा मी नवऱ्याचा डबा भरत होते. ऊर्जानगरात आमच्या क्वार्टरच्या कोपऱ्यावर कंपनीची बस थांबते, ती हॉर्न वाजवत होती. नवरा डबा घेऊन धावला आणि मी फोन घेतला. "ताई, आजी गेली वो," धाकटा भाऊ म्हणाला. "चहा आन म्हणे, साखर जास्तीची टाक म्हणे. चहा आनला तं..." मला लगेच रडू आलं नाही. मनात आलं, संध्याकाळपर्यंत येईल. भागरथाआजी आयुष्यभर अशीच न सांगता घरातून निघायची आणि संध्याकाळी, नाहीतर चार दिवसांनी, काहीतरी नवीन पाहून परत यायची. कधी मार्कंड्याची जत्रा, कधी गडचिरोलीला कोणाला तरी दवाखान्यात पाहायला, कधी नुसतीच बस कुठपर्यंत जाते ते बघायला.

आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर. आम्ही मासे धरणारे. आईवडील लवकर गेले, त्यामुळे मला आणि दिवाकरला आजीनंच वाढवलं. मी चौथीपर्यंत शिकले आणि मग तिच्यासोबत बाजारात मासे विकायला बसू लागले. ती बोलायची, मी पाटीमागं मान खाली घालून पैसे घ्यायची. गिऱ्हाईक मरळीचा भाव विचारायचं, आजी त्याला त्याच्या गावचं नाव विचारायची. तुमच्या तळ्यात कोणती मासोळी हाये, झिंगे मिळतात का, पानी कुठून येते, बायको कुठची केली... माणूस भाव विसरून जायचा. मी तिचा पदर ओढायची. "काऊन वो, तुले काय करायचं त्याच्या तळ्याचं?" ती म्हणायची, "त्याले मासोळी पायजे, मले त्याचं तळं पायजे. दोघंबी घरी रिकामे नाई जात."

पण तिची सगळ्यात मोठी गोष्ट तिनं बाजारात कधी सांगितली नाही. ती फक्त आम्हा दोघांना, जाळं विणता विणता सांगायची. ती नवी सून होती तेव्हाची. नदीला मोठा पूर आला आणि आजोबांचा डोंगा, एका अख्ख्या खोडातून कोरलेली होडी, खुंट्यासकट वाहून गेला. डोंगा नाही तर मासे नाहीत. आजोबा कपाळाला हात लावून ओसरीवर बसले. पाणी उतरलं तरी बसलेच. आजी म्हणाली, "डोंग्याले काय पाय हायेत? नदी जाते तिथीच जाईन ना तो." आणि पोह्यांचं गाठोडं बांधून ती काठाकाठानं खाली चालू लागली. आजोबांनी गावात सांगितलं, माहेरी गेली.

चालत चालत ती पार संगमाच्या खाली पोचली. आमची वैनगंगा तिथे वर्धेला मिळते आणि पुढे तिला प्राणहिता म्हणतात. पलीकडच्या काठावर तेलुगू बोलणाऱ्यांचं गाव, आणि त्यांच्या झाडाला बांधलेला आमचा डोंगा. उतारू नेणाऱ्या नावेनं ती पलीकडे गेली. त्यांनी पुरातून ओढून काढला होता, ते कशाला देतात? आजीला त्यांचं बोलणं समजेना, त्यांना आजीचं. मग तिनं काय केलं, तर डोंग्याच्या बुडाशी बोट नेलं. तिथे एक चीर होती, ती आजीनंच राळ आणि कापडाची पट्टी ठासून बुजवली होती. ती पट्टी दाखवली आणि मग अंगावरच्या लुगड्याचा पदर पसरून फाटलेली जागा दाखवली. तोच रंग, तोच काठ. "सारे हासले बाप्पा," आजी सांगायची. "मंग मले भात वाढला. एवढं आंबट सार का डोये मिटले माहे." तिथे ती काही दिवस राहिली, त्यांच्या बायांत बसून त्यांची जाळी दुरुस्त करत. मग बांबू टेकत टेकत, काठ धरून, एकटीनं डोंगा वर आणला.

गावाच्या अलीकडच्या वळणावर मात्र ती उतरली. आमच्याकडे बाई डोंग्यात बसत नसे. बसली तर त्या डोंग्याला मासा लागत नाही म्हणायचे, आणि तो डोंगा इतरांच्या बरोबर पाण्यात घालू द्यायचे नाहीत. तिनं डोंगा झाडोऱ्यात दडवला, पायी घरी आली, आजोबांच्या कानात सांगितलं. आजोबा गेले आणि झाडोऱ्यात अडकलेला सापडला म्हणून तो घेऊन आले. गावानं त्यांना नारळ दिला. आजी तळहात पुढे करून दाखवायची, जणू बांबूनं आलेले फोड अजून दिसत असावेत. "नारळ त्याले, फोड मले!" आणि खूप हसायची.

दिवाकरला हे कधीच खरं वाटलं नाही. "आजोबा सांगत ते आयकलं ना तू? झाडोऱ्यातच होता डोंगा. बुढी फेकते." मला मात्र कळेना. आजोबांचंही मी ऐकलं होतं. ते सांगताना नेहमी जमिनीकडे बघायचे. कोणाचं खरं? लग्न होऊन मी ऊर्जानगरला आले, इथे दाराशी नदी नाही, वीज केंद्राच्या चिमणीचा धूर आणि खिडकीत बसणारी राख. भांडी घासताना मध्येच मनात यायचं, लोंढ्याविरुद्ध डोंगा एकट्या बाईनं कसा आणला असेल? झोपली कुठे असेल? पण तिला खोदून विचारायला मी लाजायची. तिला वाटलं असतं, हिचाही विश्वास नाही.

गावी राख सावडल्यावर दिवाकर अस्थी घेऊन संगमावर निघाला. मी चप्पल घातली. तो म्हणाला, "ताई, बाया नाई जात वो तिकडे." मी जाऊन ऑटोत बसले. भावकीतले दोघं एकमेकांकडे बघत राहिले, पण उतर म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

संगमावर विधी चालू होता आणि माझं लक्ष मात्र बाजूला गेलं. वाळूवर एक म्हातारा जाळं सुकवत होता. फेकायच्या जाळ्याच्या घेराला खाली शिशाच्या गोळ्या असतात. आमच्या गावात त्या एकेक करून, सारख्या अंतरावर बांधतात. आजी मात्र दोन गोळ्या जवळजवळ बांधायची, मग जागा सोडायची, मग पुन्हा दोन. आजोबांचं जाळं तिनंच तसं बांधलं होतं. गावातले त्यांना चिडवायचे, "भाऊ, बायकोनं बांधलं काय?" आजोबा तेच जाळं मरेपर्यंत फेकत राहिले. आणि या म्हाताऱ्याच्या जाळ्याला, दोन गोळ्या, मग जागा, मग दोन गोळ्या...

अनोळखी माणसाला मी आजवर बसचं तिकीटसुद्धा नीट मागितलेलं नाही. पण मी गेले. "बाबा, ह्या गोळ्या अशा काऊन बांधल्या?"

त्यानं वर पाहिलं. मोडक्या मराठीत म्हणाला, "आमचेकडं असेच बांधते अम्मा. खाली, नदीच्या तिकडं. तुमचे वरचेकडं नाई बांधत. तुला कोन सांगितलं?"

"माह्या आजीनं."

"आजी आमचेकडची?"

"नाई. ती आली होती... डोंगा वाहून गेला होता, तो पाहाले आली होती." आणि मी त्याला सगळं सांगितलं, पट्टीचं, पदराचं, आंबट साराचं. तो जाळं सोडून ऐकत होता. हसला नाही. शेवटी त्यानं एकच विचारलं, "मिळाला का डोंगा?"

"मिळाला," मी म्हणाले. "एकटीनं आणला तिनं. डोंग्यात बसून आणला." हे मी मोठ्यानं म्हणाले. मागं दिवाकर अस्थींचं मडकं रिकामं करून उभा होता, भावकीतले दोघंही. येताना ऑटोत दिवाकर म्हणाला, "मंग आजोबानं सांगतलं काऊन नाई?" मी म्हणाले, "जाळं तं फेकलं ना त्यानं."

ते जाळं आता माझ्याकडे आहे. क्वार्टरच्या भिंतीला खिळ्यावर टांगलंय, अजून त्याला नदीचा वास येतो. शेजारच्या बाया येतात, इथे जाळं कशाला, असं विचारतात, मग मी सांगते. बोलायला लागले की मलाच नवल वाटतं. ऐकून जी ती आधी विचारते, नवऱ्यानं जाऊ कसं दिलं? डोंगा मिळाला का, हे त्या म्हाताऱ्याशिवाय अजून कोणी विचारलेलं नाही.

त्यानं निघताना हात करून दाखवलं होतं, त्याचं गाव त्या तिकडे, वळणाच्या पलीकडे. तिथल्या बाया अजून ते सार तसंच आंबट करतात का? पदर पसरून उभ्या राहिलेल्या बाईची गोष्ट तिथे कोणी सांगतं का? आणि सांगत असतील तर त्यांच्या गोष्टीत ती कशी दिसते? पाणी उतरलं की मी जाणार आहे. काल रात्री जेवताना मी नवऱ्याजवळ हा विषय काढला. त्याला विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, "एकटी?" मी म्हणाले, "काठाकाठानंच तं जायचं हाये."