रिंगची पाठ

मला पटकन राग येतो, आणि राग आला की मी लिहून मोकळी होते. डिचोलीच्या कारखान्यात या सवयीपायी एका माणसाच्या पोटावर मी पाय आणणार होते.

आम्ही कंप्रेसरची सील बनवतो. दोन रिंगा समोरासमोर, एक फिरती, एक स्थिर. चालताना त्या एकमेकींना शिवत नाहीत. मध्ये केसाहून कितीतरी बारीक फट असते. फिरत्या रिंगच्या तोंडावरच्या खाचा वायू आत ओढतात आणि तोच वायू ती फट उघडी धरतो. फट जरा वाढली की गळती वाढलीच. खाच किती खोल, स्प्रिंग किती कडक, तोंड हाताने घासलेलं बरं की यंत्रावर, हे मी आधी कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं आणि मग आठ चाचण्यांचा तक्ता केला. एकेक गोष्ट बदलत बसायचं नाही, तक्त्याप्रमाणे दोन-तीन एकदम बदलायच्या. थोडक्या चाचण्यांत चोर सापडतो.

हाताने घासायचे ते मामा. बेळगावकडचे, सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, हाताची रिंग जास्त गळली तर मामांचं टेबल बंद, मामा घरी. निवृत्तीला अजून चार वर्षं होती आणि दुसरं काम त्यांनी कधी केलेलंच नव्हतं.

पहिल्या चार चाचण्या कॉम्प्युटरच्या आकड्यांना धरून आल्या. मामा खुशीत होते. मग खंडेनवमी आली. पूजेच्या पाटावर पाने-पकडी, मायक्रोमीटर, वर झेंडू. "बाईंचं हत्यार कुठाय की?" म्हणून सगळ्यांनी मला इतकं छळलं, की मी लॅपटॉप नेऊन ठेवला. मामांनी चाचणीतली स्वतःची रिंग आणून ठेवली. यंत्रावरच्या रिंगा खोक्यातच राहिल्या, त्यांचं कोण होतं! कुंकू लावायला मला पुढे केलं. मी बोट नेलं तसे मामा ओरडले, "तोंडाला नको बाई, तोंडाला नको! पाठीला लावा."

सुट्टीनंतर तीच रिंग तिप्पट गळू लागली. काढली, तोंड तपासलं, पुसलं, परत लावली. तेच. "माझा हात तोच हाय की बाई," मामा म्हणाले. मी चिडले. मग आकडे खोटं बोलतात काय? एकदा बरी, एकदा वाईट, म्हणजे हाताचा भरवसा नाही. त्याच दुपारी अहवाल पाठवून दिला. कारणाच्या रकान्यात मामांचं नाव घातलं.

शनिवारी नार्व्याला घरी गेले. बाबा आमच्या शेताच्या बांधातली मानस सांभाळतात. मानस म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवणारं लाकडी दार. ते गळत होतं आणि बाबा गुडघाभर चिखलात उभे राहून चौकट चाचपत होते.

"दारच बदला ना एकदाचं," मी म्हटलं.

"दार बरें आसा गो. बसता थंय कितें तरी अडकलां." आणि दार जिथे बसतं त्या खाचेतून त्यांनी एक शिंपला काढून माझ्यापुढे धरला. एवढासा! दार सरकन बसलं. आम्ही दर वेळी रिंगचं तोंड पुसलं होतं. पाठ कोणी बघितली होती?

सोमवारी सकाळी रिंग उलटी केली. पाठीवर, जिथे ती बैठकीवर टेकते तिथे, दाबून दगड झालेलं कुंकू. माझ्याच बोटाचं. तेवढ्या थराने ती तिरकी बसत होती. खरवडलं, पुसलं, रिंग परत चढवली. गळती मुकाट्याने पहिल्या जागी आली.

मामांनी गळती दाखवणारा काटा वाकून बघितला. "पाठीला लावा म्हणालो ते मीच की," ते म्हणाले.

"पण बोट माझं होतं, मामा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. लगेच दुसरा अहवाल लिहिला: हातकाम निर्दोष, दोष कुंकवाचा, ते लावणारी मी. साहेब आधी हसले, मग मला चांगलं झापलं. टेबल राहिलं.

मामांना इंग्रजी येत नाही. संध्याकाळी हात पुसत आले आणि म्हणाले, काय लिहिलंय ते मराठीत वाचून दाखवा. मी वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्यात माझं नाव कुठाय?"

"नाव घालायची पद्धत नाही मामा. नुसतं 'हातकाम' लिहितात."

"दोष लिहिताना घातलं होतं की."

मी लॅपटॉप परत उघडला आणि त्यांचं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट लिहिलं. लिहून होईपर्यंत मामा माझ्या खुर्चीमागे उभे होते.